पट्टीवरची थोरली

अमशीर १, रविवार

चार जिने! आणि वर पोचल्यावर साधं पाणी विचारायला घरात माणूस नाही, कारण सून शिवणकारखान्यात आणि नात शाळेत. दोन बदकं, मडकंभर जुनं चीज, तुपाचा डबा आणि माझे गुडघे, एवढं सगळं मी एकटीनं चढवलं. तिसऱ्या मजल्यावर एक बदक सुटलं. तिथली बाई दारात उभी राहून हसली, पण हात काही पुढं केला नाही. अलेक्झांड्रियाची माणसं ही अशी.

असो. सलाम, उस्ता लबीब. किल्ली घेताना तू ही वही दिलीस, म्हणून लिहितेय. तुझं यंत्रदुरुस्तीचं दुकान तळमजल्यावर, तुझा गुडघा माझ्याहून वाईट, आणि बहगतचा बंद पडलेला कंप्युटर मी घराबाहेर जाऊ देणार नाही. माझ्या लेकाचा हात लागलेली शेवटची वस्तू आहे ती. तू म्हणालास, बहगतची आई आहेस, मग उम्म बहगत, यंत्र तूच उघड, काय काढलंस, काय लावलंस ते रोज लिही आणि गच्चीतून टोपलीत घालून वही खाली सोड. तोंडी सांगू नकोस, तुझ्या बोलण्यातल्या शिव्या तेवढ्या ऐकू येतात. बरं. मला चौथीपर्यंतची अक्षरं येतात. पुढं घरात म्हैस आली आणि शाळा सुटली. चुका काढू नकोस.

घर मात्र छान आहे. गच्चीतून दोन इमारतींच्या मधे बोटभर समुद्र दिसतो. सुंदुस शाळेतून आली ती सित्ती म्हणत दप्तरासकट आजीच्या गळ्यात पडली. चौदा वर्षांची झाली, नाक सगळं बापाचं. संध्याकाळी सून आली, इन्शिराह. तिला म्हटलं, आता कारखान्याला खुशाल जा, चूल माझी. बदक कापलं. मी खूश आहे, हेही लिहून ठेवते.

अमशीर ३, मंगळवार

टेबलाखालच्या कंप्युटरच्या डब्यावर इन्शिराहनं चादर घातलेली होती, मयतावर घालतात तशी. ती काढली. सुंदुस म्हणाली, सित्ती, बाबानं जायच्या आदल्या संध्याकाळी तुझ्यासाठी आवाज भरून ठेवलाय यात, मला म्हणाला सित्तीला ऐकव. पण दुसऱ्याच दिवशी यंत्र मुकं झालं. पडदा नुसता म्हणतो, डिस्क सापडत नाही. म्हणून आईनं झाकून टाकलं. दोन वर्षं झाली.

म्हणजे माझ्या लेकाचा आवाज दोन वर्षं या डब्यात बसलाय आणि मी गावात बदकं पाळतेय.

उघडला. आत धूळ, एक मेलेलं झुरळ, आणि एकीवर एक अशा दोन डिस्का. खालची जुनी, बहगतची. वरची त्यानं सुंदुसच्या अभ्यासासाठी बाजारातून आणून त्याच संध्याकाळी स्वतः बसवलेली. दोघींना मिळून एकच रुंद राखाडी वायरीची पट्टी. प्रत्येकीला विजेची चार भोकांची वेगळी वायर. तू सांगितलंस तसं सगळं उपसलं, पिना खोडरबरानं घासल्या. पिनांवर पांढरी खपली होती. तू खालून ओरडलास, समुद्राची हवा आहे, मीठ धरतं. परत लावलं. चालू केलं. पडद्यावर तेच, डिस्क सापडत नाही. पण डब्यातून आवाज आला. टक. एकच.

तू म्हणालास, आतली सुई आपटत असेल. असेल.

मला त्या आवाजानं बरं वाटलं, का ते सांगते. बहगत आणि माझा मिस कॉलचा रिवाज. एक रिंग दिली की पोचलो, उचलायचं नाही, फुकट पैसे जातात. तो कामाच्या शोधात होडीतून समुद्रापार गेला तेव्हा खजूर उतरवायचे दिवस होते. मी अंगणात बायकांबरोबर खजूर निवडत होते आणि फोन वाजून थांबला. मी उचलला नाही. मिस कॉल कोण उचलतं? सगळ्या गल्लीला सरबत पाजलं, लेक पोचला म्हणून. इथं सून काळं नेसून बसते आणि म्हणते होडी बुडाली, कुणी वाचलं नाही. मी म्हणते, रिंग आली होती. बुडालेला माणूस रिंग देतो का?

अमशीर ५, गुरुवार

तू टोपलीतून पाठवलेली नवी पट्टी लावली. विजेच्या वायरी अदलून बदलून पाहिल्या. परिणाम तोच. टक, एकदाच, मग शांत.

पिनांवर खपली परत आली. दोन दिवसांत! बोटाला लावून चाखली. मीठच.

इन्शिराह आली आणि उघडा डबा बघून दारातच थांबली. वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, आई, तुम्हाला ऐकायचंय, मला नाही ऐकायचं. तो शेवटचा आवाज शिल्लक आहे म्हणून मी कारखान्यात जाऊ शकते. ऐकून संपला की मग काय? मी म्हटलं, ऐकायची माझी वस्तू आहे, तुझी नाही. बोलायला नको होतं. ती तांदूळ धुवायला गेली आणि फार वेळ धूत राहिली.

अमशीर ८, रविवार

उस्ता लबीब, हे नीट वाच. सकाळी डब्याची वायर भिंतीतून काढलेली होती. तरी टक वाजलं. तू हसलास, म्हणालास तापलेलं लोखंड निवताना टकटकतं, उम्म बहगत. रात्रभर बंद असलेलं यंत्र सकाळी तापलेलं कसं असेल, एवढं मला चौथीतही कळत होतं.

मग तू त्या बारीक टोपीचं विचारलंस. डिस्कच्या मागं, पट्टी आणि विजेच्या वायरीच्या मधे, तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी दोन पिनांवर बसवलेली असते. तू समजावलंस, एका पट्टीवर दोन डिस्का असल्या की एक थोरली आणि एक धाकटी ठरवावी लागते. टोपी कुठल्या पिनांवर आहे त्यावरून यंत्राला कळतं. हाक आली की थोरली आधी उत्तर देते. दोघींना थोरली केलं तर कुणीच उत्तर देत नाही. मी म्हटलं, म्हणजे मी आणि इन्शिराह. तू इतका हसलास की तिसऱ्या मजल्यावरची बाई बाहेर आली.

बघितलं तर दोघींच्या टोप्या एकाच जागी. दोघी थोरल्या.

तो असाच होता. अर्धा चहा टाकून उठायचा, चपला उलट्या घालून पळायचा. आवाज भरला, मग लेकीची भेट घाईघाईनं बसवली, आणि टोपी सरकवायला विसरला. स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड बंद करून गेला.

सुंदुसच्या नव्या डिस्कला धाकटी ठरवलं आणि भुवया कोरायच्या चिमट्यानं तिची टोपी सरकवली. चालू केलं. पडदा उजळला! सुंदुस किंचाळली. असरची अजान होतेय. लावते.

अमशीर ९, सोमवार

हे पान टोपलीत जाणार नाही.

आवाज त्याचाच होता, सर्दी झालेला. म्हणाला, यम्मा, तू रागावलीस, मी जातो म्हणून फोनवर येत नाहीस, तेव्हा इथं सांगतो, सुंदुस ऐकवेल. एक रिंग म्हणजे पोचलो, उचलू नकोस. वाजून थांबला आणि परत वाजला, दोन झाल्या, तर मात्र उचल. हातातलं टाकून उचल. मला काही नको, तुझा आवाज ऐकव. शिव्या दे हव्या तर.

एवढंच.

वर मी लिहिलंय की फोन वाजून थांबला. ते खोटं आहे. वाजला, थांबला, परत वाजला. बायका म्हणाल्या, अगं, केवढा आनंद झालाय लेकाला, दोनदा वाजवतोय! मी फोन हातात धरून हसत होते. हातात धरून. मग सरबतात साखर वाढवली.

संध्याकाळी इन्शिराहनं हात धुतले, डोईचा रुमाल नीट केला आणि माझ्याशेजारी बसली. म्हणाली, लावा आई, मलाही ऐकू दे. चालू केलं. डिस्क सापडत नाही. पट्टी, टोपी, वायर, सगळं तीनदा केलं. सापडत नाही. काळ्या पडद्यासमोर ती तासभर बसून होती.

अमशीर ११, बुधवार

जुनी डिस्क काढून ताटात ठेवलीय. पट्टी नाही, वायर नाही. दुपारी मुलुखियाची भाजी चिरत होते.

टक टक. थांबली. टक टक.

एक नाही. दोन.

ताटात पाणी साचलंय. ओतलं. पुन्हा साचलं. चाखलं नाही, वास कळतो.

लबीबला गच्चीतून हाक मारली. माझ्या आवाजात काहीतरी असणार, कारण तो गुडघा घेऊन चार जिने चढून आला. ऐकलं. छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाला, उम्म बहगत, तीस वर्षं डिस्का दुरुस्त करतोय, ही दुरुस्त करायची गोष्ट नाही. फडक्यात बांध आणि समुद्रात टाकून ये.

म्हटलं, तिथं तो आहेच.

जिन्यातून उतरताना तो रडत होता. मला वाटलं गुडघ्यामुळं.

अमशीर १५, रविवार

सुंदुसनं उत्तर दिलं.

शाळेतून आली, ताटात टकटक चाललेली, पोरीनं चमचा घेतला आणि ताटावर दोनदा वाजवलं. बाबा, बोल ना, म्हणाली. मी चुलीपाशी होते, मला एवढंच ऐकू आलं. धावले तर —

केस ओले. मोजे ओले. चौथ्या मजल्यावर, भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना. ओठ निळे. पालथी धरून पाठ थोपटली तेव्हा वाटीभर पाणी ओकली. खारट.

शुद्धीवर आल्यावर म्हणाली, सित्ती, बाबानं हात धरला. खूप थंड होता. सोडत नव्हता.

इन्शिराह आली. पोरीचे पाय चोळत बसली. मी पुढं केलेलं पांघरूण तिनं माझ्या हातातून ओढून घेतलं.

अमशीर १६, सोमवार

डिस्क लबीबकडे टोपलीतून खाली दिली. तरी वाजतंय. आता फरशीतून. भिंतीतून. टक टक.

सुंदुसला ताप. झोपेत तिची बोटं गादीवर — दोन. थांब. दोन.

तो तिलाच वाजवतोय. कारण तिनं उत्तर दिलं. मी नाही दिलं ना.

मला कळलं आता. एका पट्टीवर आम्ही दोघी, आजी आणि नात. थोरली कोण ते त्याला कळेना. टोपी चुकीच्या जागी आहे. मीच ठेवलीय, त्या दिवशी, फोन हातात धरून —

अमशीर १७, मंगळवार

पोरीला घेऊन इन्शिराहला खाली लबीबच्या दुकानात पाठवलं. जाताना तिनं दारात वळून विचारलं, आई, तुम्ही? म्हटलं, चूल चालू आहे. तिला कळलं. माझा हात घेऊन डोळ्यांना लावला. पहिल्यांदाच.

डिस्क टोपलीतून वर मागवली. डब्यात परत. सुंदुसची डिस्क काढून खाली सोडली, पट्टीवर ती नको. टोपी थोरलीच्या जागी.

दुहरची, भर दुपारची अजान झाली. गच्चीतला समुद्र बोटभर राहिला नाही. खोलीत घोट्यापर्यंत पाणी. वही गच्चीतल्या टोपलीवर उंच धरलीय.

लबीब, नीट वाच आणि त्या दोघींना वाचून दाखव. तो वाईट नाही. माझं लेकरू दोन वर्षं फोन कानाला लावून उभं आहे, कुणीतरी उचलेल म्हणून. जो उचलेल त्याचा हात धरणार, बघणार नाही कुणाचा ते. म्हणून —

टक टक.

थांब, बाळा. लिहू दे.

पाणी मांडीपर्यंत —

टक टक.

ऐका. यापुढं दार वाजो, फोन वाजो, भिंत वाजो. सुंदुसनं उत्तर द्यायचं नाही. इन्शिराहनं नाही. लबीब, तूही नाही. पट्टीवरची थोरली मी आहे. दोन वाजले की उत्तर मीच द्यायचं, दुसऱ्या कुणी नाही, आणि या वेळी मी उचलतेय, यम्माचा आवाज ऐक, मेल्या, किती उशीर, हे बघ, उच—