कोरडी मोरी

उंब्रज,
६ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. वैजयंता वन्संना,
क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

हल्ली पत्र कोण लिहितं, म्हणून आधी हसून घ्या. पण फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. धैर्यशील मागं उभा राहून ऐकतो, मी कुणाला काय लिहिलं तेही उघडून वाचतो आणि मग त्याचा राग माझ्यावर निघतो. म्हणून हे अंगणवाडीत बसून लिहितेय. मुलं खिचडी खाऊन पेंगलीत. उत्तरही अंगणवाडीच्याच पत्त्यावर धाडा, घरी नको.

गणपतीत तुम्ही माझ्या कपाळावरचे टाके बघितलेत आणि मी मोरीत पाय घसरला म्हणाले. तुम्ही म्हणालात, एवढी शिकलेली बाई आणि मोरी घासायला येत नाही होय. सगळे हसले, मीही हसले. वन्सं, मोरी कोरडी होती. मोबाईल बाजूला ठेव म्हटलं म्हणून त्यानं तांब्या फेकून मारला. बारा वर्षांचा आहे, पण उंचीनं माझ्या कानाला लागलाय आणि अंगात तुमच्या भावाची ताकद आहे.

माझं एक राहू द्या. आपली धाकटी प्रांजल चार वर्षांची आहे. परवा तिनं त्याच्या कंपासपेटीला हात लावला, तर त्यानं तिला उचलून जिन्याच्या कठड्यावर बसवलं आणि हात सोडले. मी खाली उभी होते. मग त्यानंच तिला खाली उतरवलं आणि टीव्ही लावला. तेव्हापासून विळी, सुरी, कोयता सगळं ट्रंकेत कुलपात आहे. भाजी मी शेजारच्या शबानाकडं जाऊन चिरून आणते. सासूबाईंना वाटतं, मला गप्पांचा नाद लागलाय.

तुमच्या भावाला ड्युटीवर फोन केला, तर म्हणाले, की दोन ठेवून दे, सरळ हुईल, आमीबी मार खाऊनच मोठं झालो. सासूबाईंनी औंधला यमाईकडं नेऊन अंगारा लावून आणला. अंगारा लावताना इतका गरीब बसला होता, की मलाच खोटं पडल्यासारखं झालं. शबाना म्हणते, मुलांच्या मनाच्या डॉक्टरला दाखव. मला काही सुचत नाही. वन्सं, मला भीती वाटते, माझ्याच पोराची. तुमच्याशिवाय हे कुणापुढं बोलू?

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
क्रांती


सांगली,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

पोस्टमन दारात बघून हे घाबरले, म्हणाले कोर्टाचं काही आलं की काय. पत्र दोनदा वाचलं. रागावू नकोस, पण तुझं काळीज चिमणीएवढं आहे. लहानपणी जयराजनं माझ्या डोक्यात विटी घातली होती, खोक अजून आहे, आणि आज तोच सरहद्दीवर उभा आहे. पोरगं म्हटलं की एवढं तेवढं चालायचंच. तू अंगणवाडीत गावाची पोरं सांभाळतेस आणि घरचं एक सांभाळेना, हे लोकांनी ऐकलं तर काय म्हणतील?

ते डॉक्टरचं खूळ डोक्यातून काढ. नावामागं एकदा वेड्याचा शिक्का लागला, की उद्या त्याला भरतीत कोण उभं करील? आपल्या घरात तीन पिढ्या फौजेत गेल्या. शबाना चांगली आहे, पण आपल्या घरातलं आपल्या घरात राहू दे.

असं कर, दिवाळीच्या सुट्टीत त्याला माझ्याकडं पाठव. मी दोन पोरं वाढवली, दोघंही आज पुण्यात नोकरीला आहेत आणि अजून माझ्यापुढं आवाज चढवत नाहीत. आत्तीच्या हातचं खाईल आणि आत्तीच्या धाकात राहील. सुट्टी संपेतो मेणासारखा मऊ करून देते. तू जरा झोप काढ.

पाकिटात दसऱ्याचं सोनं घातलंय, देवापुढं ठेव. आईला माझा नमस्कार सांग.

तुझी वन्सं,
वैजयंता


उंब्रज,
२३ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. वन्संना,
क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

सोमवारी सासूबाई त्याला घेऊन सांगलीला येतील. तो खुशीत आहे, आत्तीकडं किल्ला करायचा म्हणून मावळे बांधून ठेवलेत. तो यायच्या आधी हे तुमच्या हातात पडावं म्हणून घाईनं लिहितेय.

मी तुम्हाला शिकवते असं समजू नका. पण विळी वर ठेवा. जेवताना मोबाईल मागू नका, त्यानं आपणहून ठेवला तरच घ्या. लहान मुलांत त्याला एकटं सोडू नका. आणि एक लक्षात ठेवा, चिडायच्या आधी तो ओरडत नाही. गप्प होतो आणि हाताशी जे असेल ते नखानं खरवडत बसतो, टेबल, भिंत, काहीही. तो आवाज आला की वाद घालू नका, बाजूला व्हा. मी झोपेतसुद्धा तो आवाज ओळखते. घुशीनं दार कुरतडलं तरी उठून बसते.

तो वाईट नाही हो. रस्त्यावरचं लंगडं कुत्रं त्यानं महिनाभर दूध पाजून जगवलं. हे आधी लिहायला हवं होतं, ते शेवटी आलं.

मायेचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
क्रांती


सांगली,
१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

तुझी सूचनापत्रिका मिळाली. विळी वर ठेवायची म्हणजे मी काय शबानाकडं सांगलीहून येऊ भाजी चिरायला? विळी आहे तिथंच आहे आणि पोरगं आहे तिथंच आहे. सकाळी माझ्याआधी उठतो. अभ्यंगस्नानाला हाक मारावी लागली नाही. यांच्याबरोबर हळदीच्या अडतीवर जाऊन पिवळा होऊन आला. चकल्या इतक्या खाल्ल्या, की मीच डबा लपवला.

अंगणात किल्ला तर असा केलाय, की गल्लीतले लोक बघून जातात. तट, बुरूज, पायथ्याला आळीव पेरलंय. शेजारचा लहान कृष्णात दिवसभर त्याच्या मागंमागं असतो, दादा दादा करतो. मी काल यांना म्हटलं, की पोराला काही झालेलं नाही, त्याला आईचीच भीती बाधलीय. राग मानू नकोस, मोठी आहे म्हणून बोलते.

लक्ष्मीपूजनाची गडबड आहे. बाकी क्षेम. जीव लावून राहा.

तुझी वन्सं,
वैजयंता


उंब्रज,
५ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वन्संना,
क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

राग कशाला मानू? तुमचं खरं निघालं तर यमाईला साडीचोळी करीन. माझीच भीती असेल, तर ती मला औषध घेऊनही घालवता येईल.

खरं सांगते, तो गेला त्या दिवशी मी ट्रंक उघडून विळी काढली आणि स्वयंपाकघरात बसून मेथी चिरली. दुपारी झोपले ती दिवेलागणीलाच उठले. प्रांजल घरभर मोठमोठ्यानं गाणी म्हणत फिरत होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मग स्वतःची लाज वाटली, पोर घरात नाही म्हणून सुखात असणारी कसली आई मी.

भाऊबीजेला दादा नाही, तर ती हट्ट धरून बसली, की ओवाळायचंच. म्हणून रिकामा पाट मांडला. वन्सं, रिकाम्या पाटालासुद्धा ती हात लांब करून, पाऊलभर मागं राहूनच ओवाळत होती. सासूबाईंनी ते बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. त्यांनी तो पहिल्यांदाच लावला.

त्याला माझा गालगुच्चा. आमच्यावर लोभ असाच धरून ठेवा.

तुमची,
क्रांती


सांगली,
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. क्रांतीस आशीर्वाद.

अक्षर यांचं आहे, मी सांगते आणि हे लिहितात. काळजीचं काही नाही. परवा मोरीत पाय घसरला आणि उजवा हात मोडला. प्लास्टर घातलंय. यांना मी बजावलं, की तुला मोरीचं नक्की लिहा, नाहीतर तू भलतीच काळजी करशील.

धैर्यशील बरा आहे. किल्ला मोडला, पावसाळी हवा होती. विळी मी वर ठेवली आहे. तू त्याला न्यायला कधी येतेस ते कळव, घाई अशी नाही.

तुझी,
वैजयंता

ता. क. वहिनी, तुमच्या वन्सं हल्ली जेवत नाहीत नीट. हे मी माझ्या मनानं लिहिलं. — बाळासो


उंब्रज,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वन्संना,
क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या घरच्या मोरीला खरखरीत शहाबादी फरशी आहे. तिथं माझ्या सासूबाईंचाही पाय घसरला नाही. तुम्ही दाजींच्या हातून लिहून घेतलंत आणि मला कळावं म्हणून मोरीचं नाव घेतलंत. मला कळलं.

आधी एवढं कळवा, कृष्णात ठीक आहे ना? दुसरं काही नंतर सांगितलंत तरी चालेल.

वन्सं, मी वर्षभर खोटं बोलले. टाक्यांना मोरी, काळ्यानिळ्या दंडाला दार, फुटलेल्या मोबाईलला प्रांजल. अब्रू राहिली, पण पोरगं तिथंच राहिलं, उलट दर महिन्याला थोडं पुढं गेलं. आता तुम्हीही तेच सुरू केलंत, तर तो परत येईल तेव्हा कुणालाच काही ठाऊक नसेल आणि घरात प्रांजल असेल. मी तिला रोज रात्री माझ्या आणि भिंतीच्या मधे झोपवते. आणखी किती दिवस झोपवू?

आज मी तुमच्या भावाला सगळं सांगणार आहे. ते भरतीचं म्हणतील, तर म्हणू दे. तुम्ही दाजींना सांगा. रागावलात तरी चालेल, पण सांगा.

तुमची,
क्रांती


सांगली,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

कृष्णात ठणठणीत आहे. पहिलं ते लिहायला सांगितलं. यांना सगळं सांगितलंय. लिहिता लिहिता हे दोनदा पेन खाली ठेवून अंगणात जाऊन आले.

भाऊबीजेनंतरची गोष्ट. कृष्णातनं खेळता खेळता बुरुजावर पाय दिला. एवढंसं पोर ते, त्याला काय कळतंय. मी पायरीवर बसून गवार मोडत होते, विळी पुढ्यात. धैर्यशील काहीच बोलला नाही. मला बरं वाटलं, म्हटलं, शहाणा झाला. मग तो पायरीची फरशी नखानं खरवडायला लागला. तुझं पत्र आठवलं, पण तोवर विळी त्याच्या हातात होती. कृष्णात जागेवरच उभा राहिला, पळालासुद्धा नाही. मी हात मधे घातला. विळीचा पाट बसला, पातं नाही. पातं बसलं असतं तर हे पत्र कुणी आणि कुणाला लिहिलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढचं ऐक. विळी टाकून तो किल्ल्यापाशी बसला आणि लटलट कापायला लागला. चड्डी ओली झाली होती. मी डाव्या हातानं त्याला धुतलं. तेव्हा म्हणाला, की आत्ती, माज्या खोलीला भायरनं कडी लाव, कवा हुतंय ते मलाबी कळत न्हाई. क्रांती, आपण त्याला भिऊन आहोत, हे मला कळत होतं. तोही भिऊन आहे, हे मला कुठं ठाऊक होतं? तेव्हापासून तो रोज स्वतः आत जातो आणि मी कडी लावेपर्यंत दाराला कान लावून उभा राहतो.

काल त्याला मिरजेला घेऊन गेले. होय, त्याच डॉक्टरकडं, मीच. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं. गोळी दिलीय, दर पंधरवड्याला यायचंय. म्हणाल्या, हे मारून जात नाही आणि नुसत्या मायेनंही जात नाही, वेळ लागेल, आणि तोवर धाकटीला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही. मी भरतीचं विचारलं. त्या म्हणाल्या, आधी पोरगं वाचवू.

दसऱ्याला मी जे लिहिलं होतं, ते पत्र चुलीत घाल. त्यानं लिहिलेली चिठ्ठी सोबत आहे, मी वाचलेली नाही.

तुझी,
वैजयंता


मम्मी,

मी बरा हाय. आत्तीचा हात लय दुखतोय. गोळी रोज घेतो. गोळीनं झोप येती.

मला घरी यायचंय. पण आदी माज्या खोलीला भायरनं कडी बसव, आत्तीकडं हाय तशी. कडी बसवली की सांग, मग मी येतो. प्रांजलला कंपास देऊन टाक.

धैर्यशील जयराज पिसाळ
इयत्ता सातवी, तुकडी ब


उंब्रज,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. धैर्यशीलास मम्मीचे अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. पप्पांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी त्याच दिवशी सुट्टी टाकली. शनिवारी आम्ही दोघं तुला न्यायला येतो.

काल सुतार येऊन गेला. तुझ्या खोलीला कडी बसवलेली नाही. रात्री तुला पाणी लागलं, भीती वाटली, तर दार उघडं पाहिजे. कडी मी आणि प्रांजल झोपतो त्या खोलीला बसवलीय, आतून. तू आलास की ती दिसेलच, म्हणून आधी सांगते. तुला वाईट वाटेल. बसवून घेताना मलाही वाटलं, सुतारापुढं तोंड फिरवावं लागलं. पण मला तुझी भीती वाटते, बाळा. तू मला खरं लिहिलंस, म्हणून मीही लपवत नाही.

प्रांजलची भाऊबीज राहिलीय, तिनं तबक तयार ठेवलंय. ती लांबूनच ओवाळेल. तू पाटावरून पुढं सरकू नकोस. तिला वाटेल तेव्हा ती सरकेल. कंपास तिनं घेतली नाही, तुझ्या दप्तरात ठेवलीय.

गोळी चुकवू नकोस. आत्तीला पाण्याची घागर उचलू देऊ नकोस. आणि घरी आलास की रोज सकाळी आमच्या कडीचा आवाज ऐकत जा. कडी वाजली, की मम्मी आधी तुझ्याकडं येतेय असं समज.

तुझी,
मम्मी