चंद्रीच्या गोठ्यातली तोंडी परीक्षा

भोसरी, ता. ११ मार्च १९५७

तीर्थरूप उद्धवमामांना ज्योतीरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (प्रत्यक्ष ठेवलं की चष्मा घरंगळतो, म्हणून कागदावरच ठेवतो.) इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा एरवी बरा असतो, दळण आणायची वेळ झाली की दुखतो. तुमचा खोकला आणि मामींचा माडीवरच्या बिऱ्हाडकरूंवरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, की बी. ए.च्या जोडीला मी पुण्यात रोज संध्याकाळी कसल्या वर्गाला जातो आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा आहे का. सांगण्यासारखा आहे, फक्त समजावून सांगणं कठीण. माणूस ऐकतो कसा, बोलतो कसा, आणि ज्याला जन्मापासून ऐकूच येत नाही त्याला बोलतं कसं करायचं, याचं हे शिक्षण. आबांना मी थोडक्यात म्हणालो, की तिथं बोलायला शिकवतात. त्यावर आबा म्हणाले, "एवढा घोडा झाला आन् आता बोलाया शिकतोय व्हय?" आणि पुढं आठ दिवस आल्यागेल्याला तेच सांगत होते. आईनं घराण्याची अब्रू सावरण्यासाठी मी कानाचा डॉक्टर होतोय असं पाणवठ्यावर जाहीर केलं. परिणामी दर रविवारी आमच्या ओट्यावर दुखरे कान जमू लागले. शेजारचे मारुतराव तर कानात गेलेला ज्वारीचा दाणा घेऊन आले. आमच्या अभ्यासात दाणा नाही असं मी नम्रपणे सांगितलं. पोरगं शिकतंय ते अर्धवट, असं त्यांचं तेव्हापासून ठाम मत आहे.

तर आमच्या वर्गाच्या बाई कुसुमताई यांनी नोव्हेंबरात सांगितलं, की प्रत्येकानं एकेक बहिरं मूल शोधायचं, त्याला निदान एक शब्द शिकवायचा आणि मार्चमध्ये मुंबईच्या परीक्षकांपुढं तो वदवून घ्यायचा. त्याशिवाय पास नाही. मला फार हिंडावं लागलं नाही. आमच्या वाड्यामागच्या पडवीत दुर्गाबाई म्हणून बीडकडच्या बाई राहतात. मुलगा अर्जुनराव पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याच्या मागोमाग या म्हाताऱ्या बाई नात आणि म्हैस घेऊन आल्या. (म्हैस बीडहून चालत आली. चंद्री तिचं नाव. चालण्यात पटाईत आहे.) नात हौसा, सात वर्षांची. आई बाळंतपणात गेली आणि पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही. डोळे मात्र असे, की तुमच्या मनात काय चाललंय ते तुमच्याआधी तिला कळतं.

पुण्याच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत हौसाला जागा मिळेल असं कुसुमताईंनी कबूल केलं होतं. पण दुर्गाबाई तयार नव्हत्या. पोर परक्या ठिकाणी हरवली तर कुणाला हाक मारणार, हा त्यांचा सवाल होता. शेवटी म्हणाल्या, "तिनं मला एक डाव माय म्हणू दे. मग धाडते." म्हणजे माझी परीक्षा आणि पोरीची शाळा एकाच शब्दाला टांगलेली.

सुरुवात मी पुस्तकाप्रमाणे केली. ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हणायचं, पट्टी हलते, मूल तसं करून बघतं. हौसानं एकदाच पाहिलं आणि तिला हा फुंकायचा खेळ फार आवडला. तिनं पट्टी फुंकली, चूल फुंकली, आणि तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी नुकतीच चाळलेली पिठाची परात माझ्या तोंडावर फुंकली. नंतर मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून रोज अर्धा तास 'आ' करू लागलो. दुर्गाबाईंना वाटलं, पोराचा घसा बसलाय. त्या पेलाभर गरम हळद-दूध आणून देत. तीन आठवड्यांत विद्यार्थिनीनं एक स्वर काढला नाही आणि गुरुजींचं वजन वाढलं.

आणि मग जानेवारीत एका संध्याकाळी मी हताश होऊन गोठ्याच्या दाराशी बसलो होतो. हौसा चंद्रीच्या मानेला गाल लावून उभी होती. चंद्री हंबरली. त्या हंबरण्याचा खर्ज असा, की दारात बसलेल्या माझ्या बरगड्या थरथरल्या. आणि चंद्री थांबल्यावर दुसरा एक आवाज आला, बारीक, नाकातला, "म्म्म". मामा, तो हौसाचा होता. रडण्याचा नव्हे, हसण्याचा नव्हे, मुद्दाम काढलेला. मी उठलो तो दावणीला अडकून शेणात पडलो आणि पडल्या पडल्या वहीत तारीख लिहिली.

त्या दिवसापासून शाळा गोठ्यात. पोरीचा एक हात म्हशीच्या मानेवर, दुसरा स्वतःच्या गळ्यावर. "म्म"वरून "मा"वर यायला पंधरा दिवस, तिथून 'य' जोडायला महिना. जमलं कधी, फसलं कधी. पण दुर्गाबाईंपुढं एकदाही नाही. त्या आल्या की ही मिटून बसे.

परीक्षा गेल्या गुरुवारी पुण्यात झाली. परीक्षक यशवंतराव हे कोट-टोपीतले, मोजून बोलणारे गृहस्थ. दुर्गाबाई घरीच राहिल्या, अर्जुनरावांनी शिफ्ट बदलून पोरीला आणलं. तिनं सगळी खोली पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिली, दाराबाहेर डोकावून आली आणि तोंड शिवल्यासारखं बंद करून बसली. मला कळलं, ती चंद्रीला शोधत होती. दहा मिनिटं गेली. यशवंतरावांनी पेन उचललं. तेव्हा मी जे केलं ते आबांना सांगू नका. मी हौसाचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि भर परीक्षेत, दोनदा, हंबरलो. पोरीनं हात काढून घेतला आणि माझ्याकडं अत्यंत दयेनं पाहिलं.

हे काय चाललंय, असं परीक्षकांनी विचारलं. मला शब्द फुटेना. (बोलण्याच्या शास्त्राचा विद्यार्थी!) कुसुमताई उठल्या आणि त्यांनी गोठ्याची सगळी हकीकत शांतपणे सांगितली. यशवंतरावांनी घड्याळ पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि विचारलं, "म्हैस कुठं असते?"

असे आम्ही पाचजण नाशिक रस्त्याच्या एस. टी.नं भोसरीला उतरलो. दुर्गाबाई धार काढायला बसल्या होत्या. मुंबईहून साहेब आलेत म्हणून त्यांनी उठावं, असं मी सुचवलं. म्हशीनं पान्हा सोडलाय, साहेबाला थांबायला सांग, असं उत्तर आलं. साहेब थांबले. त्यांनी बूट शेणाबाहेर ठेवायचा प्रयत्न केला, पण आमच्या गोठ्यात तसं बाहेर फार नाही. चंद्री मात्र त्या दिवशी हंबरेना. रवंथ करीत परीक्षकांकडं बघत राहिली. मी वैरण दाखवली, रेडकू दाखवलं, पाठ थोपटली. काही नाही. हौसा तिच्या मानेला टेकून उभी, तिची पाठ आम्हा सगळ्यांकडं. कासंडीत धारेचा आवाज तेवढा चालू होता.

आणि कुणी काही न करता ती बोलली. "मा…य." खडबडीत, अर्धी नाकातून, पण माय.

दुर्गाबाईंनी वर पाहिलं नाही. धार काढता काढता, पोराबाळांच्या घरात कुणीही देतं तशी ओ दिली, "काय गं लेकरा?"

मग त्यांचे हात थांबले.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण चष्मा धुरकटला होता. कासंडी लवंडली एवढं दिसलं, आणि दुर्गाबाई पोरीला पोटाशी धरून पुन्हा पुन्हा ओ देत होत्या, जणू सात वर्षांच्या राहिलेल्या हाका एकदम आल्या होत्या. अर्जुनराव बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. यशवंतरावांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग दुर्गाबाईंना अदबीनं विचारलं, की आता शाळेत धाडाल का. त्या म्हणाल्या, "धाडते की. आता हरवायची न्हाई ती."

मी पास झालो, मामा. दुसरा नंबर. (शेऱ्यात 'अध्यापन-साहित्य अपारंपरिक' असं लिहिलंय.)

मामींना नमस्कार, मुलांना गोड पापा. तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,

ज्योतीराम

ता. क. — खोटं नको म्हणून सांगतो, हौसा आता सगळ्यांनाच माय म्हणते. मला, आबांना, पोस्टमनलाही. काल मारुतरावांना म्हणाली, तर ते दिवसभर खूश होते.

ता. क. २ — शाळेत जागा आत्ताच आहे, जूनला राहील असं नाही. कुसुमताईंचं म्हणणं, की आवाज पक्का होईपर्यंत दोन-तीन महिने पोरीला रोज चंद्रीजवळ उभं राहू द्यावं. शाळेत म्हशीची सोय नाही. शाळेच्या मागच्याच गल्लीत तुमचं घर, आणि टांगेवाला गेल्यापासून तुमचा तबेला रिकामाच आहे, असं तुम्हीच लिहिलं होतं. चंद्री दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही, म्हणून दुर्गाबाई सोबत असतील. त्या मामींसारख्याच स्पष्टवक्त्या आहेत, दोघींचं जमेल.

ता. क. ३ — त्या तिघी उद्या पहाटे चालत निघतायत. हे पत्र आधी पोचलं, तर मामींच्या कानावर हलक्या हातानं घाला. चंद्री आधी पोचली, तर कानावर घालायची गरज उरणार नाही.