मुलीच्या आधी बापाने म्हटलेलं आमेन

प्रिय धाकट्यास,

प्रभूमध्ये सलाम. माझा गुडघा बरा आहे. वॉर्डातल्या शिकाऊ नर्सेस मला अजून घाबरतात, म्हणजे सगळं ठीक चाललंय. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का?

आता तुझ्या पत्राबद्दल. त्या घड्याळदुरुस्तीवाल्याने भर प्रार्थनासभेत उभं राहून तुझ्या लेकीबद्दल "प्रभू, हिचा हट्ट मोड आणि हिला माझी कर" अशी प्रार्थना केली, आणि मुलीचा बाप असून तूही सगळ्यांबरोबर आमेन म्हणालास. वर मला लिहितोस, "ताई, किती प्रेम आहे बघ त्याचं."

तिच्या शिक्षणाचं एकच वर्ष उरलंय. तेवढं थांबशील का, असं तिने विचारलं, तर हा म्हणाला, "देवानेच तुला माझ्या हाती दिलंय." देवाला मध्ये घातल्यावर पोरीने नाही कसं म्हणायचं? आपल्या प्रभूने स्वतःला दिलं, कुणाला फरफटत नेलं नाही. याला फक्त ती हवी आहे. तिचं भलं त्याच्या प्रार्थनेत कुठेच नव्हतं. मी याला हाव म्हणते.

तिचंही पत्र आलंय. "आत्या, आता मी नाही म्हटलं तर बाबा सगळ्यांसमोर खोटे पडतील." तुझी मान खाली जाऊ नये म्हणून पोरगी आयुष्य द्यायला निघालीय. प्रेम बघायचंच असेल तर हे बघ, आणि ते घेऊ नकोस.

रविवारी चर्चमध्ये लग्न जाहीर व्हायच्या आत पाळकांकडे जा आणि थांबव. लोक हसले तर तुला हसू देत.

तुझ्यावर संतापलेली, तरी तुझीच,
ताई