घरी केलेलं संकट

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. अक्षरओळख नाही, म्हणून मी फोनला बोलते, तो लिहितो. परत वाचायची सोय नाही, हे उत्तमच. स्वतःचं खोटं स्वतःला सापडत नाही.
संकल्प: बागेतल्या बाकावरच्या तिन्ही मैत्रिणींची टेस्ट घेणे. संकटात खरं माणूस कळतं म्हणतात. पण माझी तब्येत दगडासारखी, संकट यायचं नाव घेईना. मग घरीच केलं. पायाला क्रेप बँडेज गुंडाळलं, जिन्यात मुरगळला असा निरोप धाडला.
सून म्हणाली, आई, हे काही बरं नाही. म्हटलं, तू चहाचं आधण ठेव.

४ मार्च
मास्तरीण आली. तासभर बसली, त्यातला बराचसा वेळ स्वतःच्या गुडघ्यांवर बोलली. काठावर पास.
लॉन्ड्रीवालीनं पाय चेपून दिला. धडधाकट होता, आता खरंच ठणकतोय. फर्स्ट क्लास.
शिवणवाली आली नाही. येईल. माझ्याशी बोलल्याशिवाय तिला घास उतरत नाही.

५ मार्च, संध्याकाळ
शिवणवाली नाही. फोनही नाही.
बिस्किटांचा डबा काढायला स्टुलावर चढले, तर सून दारात. म्हणाली, पाय बरा दिसतोय, उतरा आता. मी लगेच कण्हले. ती हसली नाही. आजकालच्या मुलींना विनोद कळत नाही.

७ मार्च
शिवणवाली नापास. माझ्या बाळंतपणात उशाशी बसून राहिलेली बाई ही! गरज सरो, वैद्य मरो. मी तिच्यासाठी काय काय केलं नाही! काय केलं ते उद्या सांगते.

८ मार्च, सकाळ
काय केलं ते अजून आठवते आहे.

दुपार
लॉन्ड्रीवाली आली. डोळे तांबारलेले. खोदून विचारलं तेव्हा बोलली. माझा निरोप गेला त्याच दिवशी शिवणवालीच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलात आहे. ही आणि मास्तरीण आळीपाळीनं डबा नेतात. मला सांगायचं नाही, अशी शिवणवालीनंच शपथ घातली होती. म्हणाली, तिला कळलं तर तशा पायानं धावत येईल.
धावत येईल म्हणाली. माझ्याबद्दल.
संकल्प: आत्ता पट्टी सोडणे. जाऊन खरं सांगणे.

संध्याकाळ
पट्टी सोडली. मग वाटलं, पाय एकाएकी बरा कसा, असं विचारतील. पुन्हा बांधली.

९ मार्च
आज नक्की जाणार होते. डोकं दुखलं. हे खरं दुखलं, पण सून कपाळाला हात लावायलासुद्धा आली नाही.

१० मार्च
गेले. सून सोबत. वॉर्डच्या दारापर्यंत ताठ चालले. आत शिवणवाली दिसली आणि पाय आपसूक लंगडला. मी खरंच काही केलं नाही, पायानंच केलं.
खाटेपाशी एकच खुर्ची. शिवणवाली दिवसरात्र तीतच असते म्हणे. मला बघून ताडकन उठली. म्हणाली, अगं वेडे, असल्या पायानं कशाला आलीस? बस आधी. स्वतःची कपड्यांची पिशवी माझ्या पायाखाली सरकवली.
सून माझ्याकडे बघत होती. खरं अगदी ओठांपर्यंत आलं होतं.
शिवणवाली भिंतीला टेकून उभी राहिली.
मी बसले.