बुश न लावता ओढलेली केबल

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी खोकला आठवतो, मग शिव्या, आणि मग कुठं आवाज. शिव्या मात्र अजून ताज्या आहेत. गेले काही दिवस त्यातली एक मी रोज ऐकतोय, ती इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे. आज बायको पोरांना घेऊन पाथर्डीला लग्नाला गेलीय. मी दुकान बंद ठेवून स्वयंपाकघरात बसलोय, पोरीच्या वहीची पानं फाडून घेतलीत, आणि तुम्हाला लिहितोय, कारण मला लाज वाटतेय. उगं आडून आडून कशाला सांगू? लई लाज वाटतेय.

तिसगावच्या स्टँडवर तुमची टपरी होती, त्याच रस्त्याला पुढं माझं दुकान आहे. काम तुमचंच, फक्त जाड झालंय. तुम्ही टेम्पोच्या टेपला सुतळीएवढी वायर टाकायचात, मी गाड्यांना अंगठ्याएवढी केबल टाकतो. आताच्या पोरांचं गाणं नुसतं ऐकून भागत नाही, ते छातीत वाजलं पाहिजे. त्यासाठी डिकीत आवाज वाढवणारं एक मोठं मशीन बसवतात, आणि ते इतका करंट ओढतं की त्याला थेट बॅटरीवरून वेगळी लाइन न्यावी लागते. बॅटरी पुढं, मशीन मागं, मधे सगळी गाडी. बॉनेटखालून निघायचं, इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून आत शिरायचं, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या उचकटून त्यांच्याखालून, कार्पेटखालून, मागच्या सीटखालून डिकीत जायचं. कंबरेचा पार भुगा होतो. आणि एवढं करून केबल कुठं दिसता कामा नये. गिऱ्हाईक डिकी उघडतं, निळी लाइट बघतं, खूश होतं. खाली आपण काय करून ठेवलंय ते कोण बघायला येतंय?

पत्र्यातल्या त्या भोकाबद्दल तुमचं एकच म्हणणं असायचं. "पत्रा म्हंजी इळा हाय. गाडी हालली की इळा चालला." वायर जिथं पत्र्यातून जाते तिथं भोकात रबराची कडी बसवायची, म्हणजे कडेला वायर घासत नाही. तिला आपण बुश म्हणायचो. तेव्हा ते बुश आणायला नगरला जावं लागायचं, म्हणून तुम्ही जुन्या ट्यूबचे कापायचात. आणि ट्यूब नसली की? मला अजून सगळं दिसतंय. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. दाराशी तिची नवी हवाई चप्पल आहे, बाजाराला जाताना घालायची. तुम्ही काळ्या हातांनी आत येता, पाणी पिता, जाताना चप्पल उचलून अंगठ्यानं दाबून बघता, "रबर झ्याक हाय" म्हणता आणि चालू लागता. आईला वाटतं गंमत करताय. संध्याकाळी चप्पल परत येते ती टाचेला गोल भोक घेऊन. दुसऱ्या दिवशी तिनं स्टँडवर येऊन चारचौघांत तुमची खरडपट्टी काढली होती. "अवो, ट्रकच्या पायी मला अनवानी फिरवता का?" तुम्ही म्हणालात, "वायर जळाली तर ट्रक जाईल. तुजा पाय काय जळतोय व्हय?" भर उन्हाळा होता, नाना. जळतच होता. सगळा स्टँड हसला, आईसुद्धा हसली. चुकलं म्हणायची तर तुमची जीभच नव्हती. पुढच्या बाजारी मुकाट्यानं नवी जोडी आणून दाराशी ठेवलीत, झालं.

आता माझं ऐका. गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. घोडेगावच्या बाजारात म्हशींचा धंदा करणारा तरणा गडी, वस्ती आपल्याच बाजूला. नवी गाडी घेतलेली. दसऱ्याला सकाळी गाडीची पूजा करून देवाला जायचं, आणि तेव्हा साउंड वाजलाच पाहिजे, असा हट्ट. मी म्हटलं, उद्या हत्यारं पूजेला बसतात, दसरा झाला की ये. तो म्हणतो, "भाऊ, न्हाई म्हनू नका. साऱ्या वस्तीला सांगून बसलोय." मलाही हुरळायला किती वेळ लागतो! त्याच दिवशी भोक पाडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल, पाने, पकडी, टेस्टर असं सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, बायकोनं नारळ वाढवला, तुमच्या वेळी व्हायचं तसंच. आणि पूजा झाल्यावर मी त्याच्या गाडीत शिरलो. केबल ओढायला हत्यार लागत नाही, हात काही पूजेत नव्हते, आणि बाकीला त्याच्याच ट्रॅक्टरचे पाने वापरले. बुशांचा डबा मात्र पाटावर होता. पूजेतलं उचलायचं नाही. म्हणून भोकाच्या जागी केबलला काळी टेप गुंडाळली, चांगली जाडजूड, आणि मनात म्हटलं, दसरा झाला की बोलावू आणि बुश घालू. दसरा झाला, दिवाळी झाली. बोलावलं नाही.

थंडीत तो घोडेगावहून बाजार करून येत होता. शेजारी त्याची आई बसलेली. चालत्या गाडीत पायाशी धूर निघाला. म्हातारीला काही सुधरेना, गाडी पुरती थांबायच्या आत तिनं दार उघडलं आणि रस्त्यावर पडली. मनगट मोडलं. लोकांनी माती टाकून विझवलं. गाडी माझ्याकडंच आली, दुसरीकडं कुठं येणार? बॉनेट उघडलं आणि मला एका नजरेत कळलं. टेप कातरून गेलेली, केबलचं वरचं कातडं पत्र्याच्या कडेनं कापलेलं, आतलं तांबं काळं पडलेलं. फ्यूज उडाला म्हणून गाडी राहिली, पण तो उडेपर्यंत ठिणग्या पडून आतल्या अस्तरानं पेट घेतला होता. मी वाकून बघतोय, आणि तो माझ्या खांद्यावरून बघतोय. म्हणतो, "उंदीर ना, भाऊ? मला वाटलंच. म्हातारीनं बाजरीची पोती गाडीला चिटकून रचलीत. किती येळा सांगितलं, ऐकल तर शपथ." तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडं कसं असतं, गाडीचं काहीही बिघडलं की पहिलं नाव उंदराचं. मी कंबर सरळ केली, हात पुसले, आणि म्हटलं, "व्हय. उंदीरच."

इतकं सोपं असतं ते, नाना. तोंडातून निघून पण गेलं. मग मी नवी केबल टाकली, बुश घातला, दोनदा ओढून बघितला, आणि त्याच्याकडून काही घेतलं नाही. तर तो पठ्ठ्या माझा हात धरून म्हणतो, "तुमच्यावानी मानूस न्हाई बघा." मी खाली वाकून पाने गोळा करायला लागलो.

पुढच्या बाजारच्या दिवशी म्हातारी स्वतः दुकानात आली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, पदराला भाजी बांधलेली. मी ओळखलं नाही. म्हणाली, "मीच ती उंदरावाली." मी स्टूल दिलं, ती बसेना. म्हणे, "माज्या बाजरीपायी तुमाला ताप झाला, लेकरा. पोरगं बोलत न्हाई माज्यासंगं. सून ताट वाढती अन् तिकडं तोंड करून बसती. येवढी वर्सं झाली, घरातलं दानं मीच राखलं, आता सारी पोती व्यापाऱ्याला घातली त्यानं. म्हनतो, तुला ठिवता यीत न्हाई. अन् खोटं बी न्हाई. नातू बसला असता गाडीत, तर?" तिच्या डोळ्याला पाणी आलं, ते पुसायला गेली आणि प्लास्टरचाच हात वर आला. मग मला विचारते, "उंदराचं औशद कोंचं घिऊ? तुमाला गाड्यांतलं कळतं."

आणि मी सांगितलं. कोपऱ्यावरच्या कृषी केंद्रात मिळतं, वड्या असतात, भिंतीकडंनं ठेवायच्या, कोंबड्या सांभाळा म्हणून. असा नीट, समजावून. ती त्या दुकानाकडं वळेपर्यंत मी बघत उभा राहिलो. थू माझ्या जिनगानीवर. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं तुम्ही नाहीत.

त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, पित्त झालं असंल. दोन-चार दिवस तसेच काढले आणि मग वस्तीवर गेलो. अंगणात सगळे होते, तो, त्याची बायको, म्हातारी ओट्यावर बसलेली, गाडी उभी होती तिथली जागा झाडून स्वच्छ केलेली, एक दाणा नव्हता. मी पाणीसुद्धा न पिता म्हटलं, "मावशीचा काय बी दोष न्हाई. उंदीर न्हवता. माझ्या हातनं बुश घालायचा राहिला." त्याचे डोळे असे झाले की मला वाटलं, आता हा खाली वाकून दगड उचलतो. उचलायला पाहिजे होता. पण मी घाईघाईनं पुढं बोललो, "खंडेनवमी होती ना, सगळं सामान पूजेत बसलेलं, देवाचं कसं उचलणार?" आणि नाना, सगळं अंगण सैल पडलं. तो म्हणाला, "मग बरोबर हाय, भाऊ. मीच त्या दिवशी नेट लावला तुमाला." त्याच्या बायकोनं चहा ठेवला. म्हातारीनं बरा हात कपाळाला लावला. म्हणाली, "देवानंच राखलं. तुमी देवाचा मान ठिवला म्हनून तर फकस्त मनगाटावर निभावलं." पोरगा तिच्याकडं न बघता म्हणाला, "आये, तू पन घे च्या." तेवढं एक बरं झालं. निघताना तिनं सुनेला सांगून बाजरीचं गाठोडं गाडीत ठेवायला लावलं, घरात खायला ठेवलेल्या राहिल्या-साहिल्या बाजरीतलं. नको नको म्हटलं, ऐकते कुठं!

त्या बाजरीच्या भाकरी आम्ही आठवडाभर खाल्ल्या. पोरं म्हणाली, लई गोड बाजरी आहे.

तुम्ही असता तर देवाचं नाव ऐकून तुम्ही काही कपाळाला हात लावला नसता, हे मला माहीत आहे. मी लहान असताना अशीच खंडेनवमी होती. पूजा होऊन गेलेली, तुम्ही धुतलेला सदरा घालून बसलेले, आणि दिवस कलायला एक ट्रक स्टँडवर आला. ऊसतोडीला निघालेली माणसं, वर बायका, पोरं, शेळ्या, भांडीकुंडी, आणि ट्रकला पुढची लाइट नाही. ड्रायव्हर हात जोडून म्हणतोय, बाकी सगळ्यांनी पूजेचं कारण सांगून परत पाठवलं. तुम्ही पाटाकडं बघता. आई म्हणते, "उचलू नगा हं." तुम्ही पकड उचलता, तिच्यावरचं कुंकू सदऱ्यालाच पुसता आणि म्हणता, "देवाला काय फुलं पायजेल व्हती? त्यो तर म्हनतोय, आदी लाइट लाव." आणि ट्रकखाली जाता. धुतलेल्या सदऱ्यासकट. आई नंतर रात्रभर पुटपुटत होती, देवापुढं आणखी एक उदबत्ती लावली तिनं. म्हणजे मी जे कारण त्या अंगणात सांगितलं, ते तुमच्यापुढं अर्धा मिनिट टिकलं नसतं. माझ्या मुस्काटात बसली असती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. खरं तर हे तुम्हाला लिहायचंच नव्हतं, त्या म्हातारीला जाऊन सांगायचं होतं. पण ती समोर बसून ऐकेल, माझ्या तोंडाकडं बघेल, कदाचित दिलेल्या बाजरीबद्दल तिला वाईट वाटेल. तुम्ही काही बघत नाही. म्हणून तुम्हाला लिहायची हिंमत झाली, आणि तरीसुद्धा वर एक खोटं लिहून गेलोय. खोडणार होतो, मग म्हटलं राहू दे.

बुशांचा डबा पाटावर नव्हता, नाना. तो गाडीपाशी, माझ्या गुडघ्याशी होता. बुश आठवला तेव्हा केबल मागपर्यंत ओढून झाली होती, पट्ट्या दाबून बसवल्या होत्या. बुश घालायचा तर सगळी केबल उलटी ओढून पुन्हा पहिल्यापासून न्यावी लागली असती. मला कंटाळा आला.