लायनरवरचा खडू

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, उगाच जिने चढू नकोस. इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे, आणि तू भंगारातून आणून दिलेलं ते गाडीचं धूड अजून मागच्या शेडमध्ये ठाण मांडून बसलं आहे.

टप कापून झाला, रंग झाला, मोठं इंजिनही बसलं. अडलंय ते ब्रेकपाशी. एवढं दांडगं इंजिन मूळच्या ब्रेकना कुठलं आवरायला! सगळे म्हणाले, डिस्क ब्रेक लावून मोकळे व्हा. पण यांचा हट्ट तुला ठाऊक आहे. जुन्या गाडीला ड्रमच. मग एका जड गाडीचे रुंद ड्रम आणले, आतली गरम हवा निघून जावी म्हणून त्यांना भोकं पाडली, ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या शूंवर नवे लायनर, म्हणजे त्या घासपट्ट्या, चिकटवले.

उरलं होतं ते लायनर घासणं. ड्रमला आतून खडू फासायचा आणि शू आत धरून फिरवायचा. लायनर जिथे पांढरा होतो तिथे तो टेकतो, तेवढाच कानशीने घासायचा. सगळा पांढरा झाला की ब्रेक नीट धरणार. हे काम मी करते. हसू नकोस. यांनीच शिकवलं, पलंगावरून.

पलंगावरून म्हणजे, हे आता उठत नाहीत. मागच्या पत्रात मी खोकला म्हणून लिहिलं होतं. खोकला नाही, दादा. जन्मभर गिऱ्हाइकांच्या ब्रेकमधली धूळ तोंडाने फुंकत आले, ती छातीत जाऊन बसली आहे. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, हवं ते खाऊ घाला. यावरून काय ते समज.

हे एकदा म्हणाले, "ब्रेक झाले की मी सुटलो." सहज म्हणाले असतील. पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. शू यांना दाखवायला न्यायच्या आधी मी मधला खडू ओल्या फडक्याने पुसायला लागले. हे बघायचे आणि म्हणायचे, अजून टेकत नाही, घास. मग मी शेडमध्ये जाऊन कानस नुसती वाजवत बसायचे. श्वास घेताना यांची छाती कशी ओढते ते मला दिसत होतं, आणि तरी सकाळ झाली की मी पुन्हा फडकं भिजवत होते. वेड लागलं होतं मला, दुसरं काय.

काल यांनी शू हातात घेतला, लायनरवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडायला तेवढा श्वास तरी कुठे आहे?

"पुसू नकोस गं," म्हणाले. "बसव आता. मी दमलोय."

मी रडले, भांडले, नाही नाही ते बोलले. मला टाकून जायची एवढी घाई झाली आहे का, असंसुद्धा विचारलं. यांनी माझा खडूने भरलेला हात नुसता धरून ठेवला. आज सकाळी मी चारही ड्रम बसवले.

आता फक्त ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायची राहिली. त्याला दोघं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. पेडलवर दादाच हवा, म्हणतात. त्याला आत्ताच्या आत्ता फोन कर, म्हणतात.

मी हो म्हटलं आणि हे पत्र लिहायला बसले. साध्या टपालाने टाकणार आहे. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी