मिठाचा चुना

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! अझमूरच्या तटबंदीतल्या या जुन्या घरात आमची पहिली सकाळ. नुसतं अंगणच माझ्या कासाब्लांकाच्या अख्ख्या घराएवढं, आणि त्यात चक्क लिंबाचं झाड. घीताने त्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की मलाच गरगरायला लागलं. चार वर्षांची पोर, पायांना उसंत म्हणून नाही. बूशैब लेकीला खांद्यावर घेऊन म्हणाला की आजपासून ही राजकन्या आणि तू तिची मोलकरीण. मी म्हटलं, मोलकरणीला हुकूम सोडणारा हा कोण मोठा वजीर?

दुपारच्या बसने वजीर गेले अगादीरला, सार्डिनच्या बोटीवर. बोट समुद्रात गेली की फोनही लागत नाही. येईल पुढच्या शुक्रवारी. तोवर मला अंगणापलीकडची आतली खोली घीतासाठी तयार करायची आहे. खिडकी नाही, पण थंडगार आहे. भिंतींचे मात्र पोपडे निघालेत. रमजान तोंडावर आलाय, सगळे रंगारी गुंतलेले. एक मोकळा भेटला, पण त्याचं बोलणं ऐकूनच कळलं की हा भिंतीआधी मलाच चुना लावणार. तेव्हा मीच लावणार. बाबांनी जन्मभर हेच काम केलं, त्यांच्या मागे कुंचा घेऊन मी काय उगाच हिंडले?

५ मार्च, मंगळवार

शेजारच्या लल्ला तामू पुदिन्याचा चहा घेऊन आल्या. म्हातारीचा आवाज असा की कोंबड्याने लाजावं. चुन्याची बादली बघून त्यांनी विचारलं, जागेच्या धन्यांची परवानगी घेतलीस का? मला वाटलं, घरमालकाबद्दल बोलतायत. तसं नाही. जुन्या घरात माणसांच्या आधीपासून राहणारे असतात म्हणे. त्यांना जिन म्हणायचं नसतं, धनी म्हणायचं. पांढरं करण्याआधी अळणी रवा शिजवून कोपऱ्यात ठेवायचा, दार सताड उघडं टाकायचं, आणि उंबऱ्याला हात सगळ्यात शेवटी. चुन्यात मीठ तर अजिबात नाही. मीठ त्यांना खाववत नाही की ओलांडवत नाही.

मी हसले. त्यावर म्हणाल्या की हस बाई, तुमच्या शहरातले धनी भाड्याने राहत असतील, आमचे घरचे आहेत. बाई आवडली मला!

पण मीठ नाही म्हणजे काय? मिठाशिवाय चुना भिंत धरत नाही, जरा टेकलं की पाठ पांढरी. घीता तर दिवसभर भिंतींना घासत फिरते. बाबा घालायचे त्याहून एक मूठ जास्तच घातली, वर निळीची चिमूट.

७ मार्च, गुरुवार

झालं! हात दुखतायत, पण खोली दुधासारखी दिसतेय. दार आतून लावूनच काम केलं, नाहीतर घीताने बादलीत हात बुडवले असते, आणि ताजा चुना कातडी सोलतो. दिव्याच्या उजेडात आधी चौकट आणि उंबरा, मग भिंती, मग छत. शेवटच्या कोपऱ्यात कुंचा नेला तेव्हा वाटलं, कोणीतरी अंग चोरून सरकलं. दार बंद ठेवून काम केलं की चुन्याचा वास डोक्यात जातो, दुसरं काय.

८ मार्च, शुक्रवार

कुसकुस केलं, लल्ला तामूंकडे वाटी पाठवली. खोली वाळली. समोरच्या भिंतीवर एवढी ओल तेवढी राहिलीय, साधारण घीताच्या उंचीची. पुन्हा एक हात मारला.

९ मार्च, शनिवार

ओल त्या भिंतीवर नाही. डावीकडच्या भिंतीवर आहे, दाराच्या बाजूला. एका दिवसात ओल अशी चालत जात नाही. हात लावला तर गार नव्हती, कोमट होती. चौकटीजवळचा चुना आतल्या बाजूने खरवडलाय. घीताचं काम म्हणून तिला रागावले. ती म्हणाली, मी नाही, त्याला बाहेर जायचंय.

१० मार्च, रविवार

लल्ला तामूंना खोली दाखवली. त्या उंबऱ्याशी थांबल्या, आत आल्या नाहीत. आज थट्टा नाही. म्हणाल्या की बाई गं, तू त्याला कोंडलंस. इतकी वर्षं ते येत-जात होतं, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. आता चहूकडून मीठ. ते तुझं वाईट करायला बसलेलं नाही, त्याला फक्त वाट हवी, आणि जे येतं-जातं त्याच्यात शिरून ते वाट काढेल. उंबरा आजच्या आज खरवडून धू, आणि पोरीला आत जाऊ देऊ नकोस.

मला राग आला. खरं तर भीती वाटली. उंबरा खरवडला नाही. एवढं राबून केलेलं काम एका म्हातारीच्या बोलण्यावरून उखडायचं? घीताला मात्र दिवसभर अंगणात ठेवलं.

११ मार्च, सोमवार

सकाळी ओल गेलेली. चारही भिंती स्वच्छ! हायसं वाटलं, गाणंसुद्धा गुणगुणले.

मग बघते तर घीता आतल्या खोलीत. मी पीठ मळत होते तेवढ्यात गेली असणार. हाक मारली तर उंबऱ्यापर्यंत येते आणि तव्यावर पडल्यासारखा पाय मागे घेते. डाळ-टोमॅटोचा हरीरा नेऊन दिला. चमचाभर तोंडात घेतला आणि थुंकली. खारवलेले ऑलिव्ह थुंकले. भाजतं म्हणाली. कोरडी भाकरी दिली, तिच्यातही मीठ, तीही नको. बिनमिठाचा रवा दिला तो वाटी चाटूनपुसून —

उचलून बाहेर काढायला गेले. अशी किंचाळली की परत आत ठेवली. तिच्या पावलांना फोड आलेत.

माझंच चुकलं. माझ्या लेकराला माझ्या ताठ्याची —

१२ मार्च, सकाळ

उलथन्याने उंबरा खरवडला. लाकूड दिसेपर्यंत. पाण्याने धुतला, पुन्हा धुतला.

आली! धावत आली, गळ्यात पडली, हुंदके देऊन रडली. मीही रडले. तिचे गाल चुंबून काढले, डोळे, सगळे अश्रू —

अश्रूंना चव नव्हती. विहिरीचं पाणी जसं.

१२ मार्च, दुपार

भिंतीतून घीता हाक मारतेय.

भिंतीतून. आई, इथे ओलं आहे, म्हणते. माझ्या मांडीवरची म्हणते, तिकडे लक्ष नको देऊ.

लल्ला तामूंच्या दाराला कुलूप. बूशैबचा फोन लागत नाही.

भिंत फोडतेय. उलथनं वाकलं. आता हाताने —

बूशैब, वही चहाच्या डब्यामागे ठेवते. आवाज बारीक होत चाललाय, मला थांबता येत नाही. ती मागे उभी आहे. बादली ओढत आणलीय तिने. म्हणते, आई, परत पांढरं करूया.

मी नसले तर एवढं कर. शुक्रवारी दारात तुला बिलगायला जी धावत येईल, ती आपली —